जेवलात का?

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नयेच. माझ्या गोष्टींवर ज्यांनी ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचं पुढं फारसं भलं झालेलं नाही. एक गृहस्थ तर माझं ऐकून तीन महिने मांजराला पोहायला शिकवत होते. पण ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी. खुर्च्या पुढं ओढा. ती कोपऱ्यातली आरामखुर्ची मात्र हलवू नका, म्हातारी झोपली आहे. तिची काळजी नको. हल्ली तिच्या कानाशी पातेलं आपटलं तरी तिला ऐकू जात नाही.

तर, सातशे खाटांचं एक इस्पितळ होतं. त्याच्या तळघरात, एका बाजूला लाँड्री आणि दुसऱ्या बाजूला मोडक्या चाकांच्या खुर्च्यांची अडगळ, यांच्या मधोमध एक बिनखिडकीची खोली होती. खोलीत टेबल, टेबलावर टेलिफोनचा बोर्ड, आणि बोर्डावर दिव्यांच्या दोन ओळी. इस्पितळातून फोन आला की हिरवा दिवा, बाहेरून आला की लाल. त्या दिव्यांसमोर एक बाई एकोणतीस वर्षं बसली होती. तिला डायरेक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे आत्या म्हणत. खरं तर ती कोणाचीच आत्या नव्हती.

आत्याचे कान म्हणजे काय सांगू! पलीकडच्यानं नुसता श्वास घेतला तरी ती म्हणायची, "बोला, तीन नंबरच्या सिस्टर," आणि सिस्टरनी अजून तोंडही उघडलेलं नसायचं. एकदा एक्स-रेवाल्यानं ताप आलाय म्हणून रजेचा फोन केला, तर ही म्हणाली, "ताप नाही हो, तुम्ही समुद्रावर आहात. आणि डोक्यावरची छत्री मिटा, वारा फिरलाय." डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका सकाळी नुसतं "हॅलो" म्हटलं, तर ही म्हणाली, "डॉक्टर, खालची डावी दाढ दाखवून घ्या." दाखवली. कीड निघाली!

हे सगळं लोक हसत हसत एकमेकांना सांगत. पण सांगून झालं की म्हणत काय? "आत्या, सात नंबर द्या." "आत्या, लॅब." "आत्या, किती वेळ लावता?" एकोणतीस वर्षांत लाखभर माणसं तिच्या कानातून गेली, पण तिथं थांबलं कोणीच नाही. दाराच्या बिजागरीशी कोणी गप्पा मारतं का?

तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा, ही सतरा. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न दोनदा पुढं ढकललं आणि तिसऱ्यांदा ढकलायला कोणी उरलंच नाही. हा पठ्ठ्या मोठा झाला आणि छत्र्या विकू लागला. छत्र्या विकता विकता थापा मारू लागला. मग छत्र्या मागे पडल्या. घरात त्याचं नावच पडलं, थापाड्या.

एकोणिसाव्या वर्षी थापाड्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. भुलीचं कसलंसं औषध त्याला चाललं नाही आणि त्याचं हृदय दीड मिनिट बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं, पण तेव्हापासून त्याच्या फाईलवर त्या औषधाचं नाव लाल अक्षरात लिहिलेलं. आत्याला ते सांगितलं होतं. नाव लांबलचक होतं, मालगाडीसारखं. ज्या कानांतून जगातला एक आवाज निसटला नाही, त्या कानांतून तेवढं एक नाव निसटलं. ती तेव्हा रडत होती.

आता या इस्पितळात एक नवा अधिकारी आला. काँप्युटरमध्ये चोर शिरू नयेत हे बघणं हे त्याचं काम. माणूस असा सुकलेला, की त्यानं कोट काढला तर आत हँगरच निघेल. लोकांनी त्याला कुलूपसाहेब म्हणायला सुरुवात केली. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना एक खोटी ईमेल पाठवली, कोण फसतं ते बघायला. त्यात बक्षीस नव्हतं, लॉटरी नव्हती. फक्त दोन ओळी होत्या: "गेल्या दहा वर्षांत कँटीनमध्ये हरवलेली डब्यांची झाकणं सापडली आहेत. आपलं झाकण ओळखण्यासाठी इथे दाबा."

चारशे बारा माणसांनी दाबलं. डायरेक्टरांनी चारदा दाबलं, त्यांच्या डब्याला चार कप्पे होते.

दाबलं नाही ते आत्यानं. तिच्या डब्याच्या झाकणाला दोरी बांधलेली होती. कुलूपसाहेब तळघरात आले तेव्हा ती मिरवत म्हणाली, "मला कोण फसवतंय? माझे कानच माझं कुलूप."

कुलूपसाहेब एका मोडक्या चाकाच्या खुर्चीवर बेतानं टेकले. "आत्या, तुमचं झाकण हरवलं नव्हतं म्हणून तुम्ही वाचलात. तुमचं काय हरवलंय ते चोराला कळेपर्यंत."

"माझं काही हरवलेलं नाही."

"मग उत्तम," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून एक बंद पाकीट काढलं.

त्या पाकिटात आणीबाणीचा शब्द होता. ऐन वेळी एखाद्या डॉक्टरचा पासवर्ड चालला नाही, तर या एका शब्दावर कोणाच्याही नावानं आत जाऊन कुठलीही फाईल उघडता यायची. दर सोमवारी शब्द बदलायचा, आणि तो फक्त आत्याकडे असायचा, कारण कामाच्या वेळेत ती खोली कधी रिकामी नसे. "हा शब्द म्हणजे सातशे माणसांच्या औषधांचं माप," कुलूपसाहेब म्हणाले. "तुमच्या ओळखीचं कोणी आहे का वर?"

"अकरा नंबरच्या खाटेवरची शिंपीण. रोज सकाळी मला वेळ विचारते. त्यांच्या वॉर्डातलं घड्याळ बंद आहे."

"तिच्या हृदयात झडप बसवली आहे. रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. त्याचं माप रोज रिपोर्ट बघून बदलतं. कमी पडलं तर गाठ होते, जास्त झालं तर रक्त थांबत नाही. चोर आत शिरला आणि त्यानं सगळं कुलूपबंद केलं, तर ते माप कोणाला दिसणार नाही. म्हणून कोणीही शब्द मागितला, की काय म्हणायचं?"

"काय?"

"'ठेवा. मी उलट फोन करते.' आणि तो माणूस जिथं आहे म्हणतोय, तिथं आतल्या लाईनवरून आपण फोन लावायचा. त्यानं उचलला, तरच शब्द द्यायचा."

"आवाज ओळखला तरी?"

"आवाज ओळखला तर नक्कीच! अनोळखी आवाजाला शब्द देतंय कोण? आता यंत्र आवाज शिवून देतं, आत्या. मापात. बटणांसकट."

आत्या हसली. पण आरशासमोर केस विंचरताना तिनं ते वाक्य पाठ केलं. ठेवा. मी उलट फोन करते. ठेवा. मी उलट फोन करते.

मग एके दिवशी दुपारी एक वाजता लाल दिवा लागला. एका बाईचा आवाज होता, मऊ, जरासा घोगरा. "साबणाच्या कंपनीतून बोलतेय. लाँड्रीला जोडता का?"

"जोडते."

"सावकाश जोडा, घाई नाही. तुम्ही जेवलात का?"

आत्याचा हात बटणावर होता तो तिथंच राहिला. इतका वेळ राहिला, की पलीकडची बाई म्हणाली, "हॅलो? लाईन गेली का?"

"नाही," आत्या म्हणाली. "नाही जेवले अजून."

"मग आधी जेवा बाई. लाँड्री कुठं पळतेय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजता. तिसऱ्या दिवशी तर आत्यानं डबा उघडून समोर ठेवला होता आणि ती लाल दिव्याकडे बघत होती. पंधरा दिवसांत दोघींच्या गुडघ्यांपासून स्वप्नांपर्यंत सगळं बोलून झालं. आत्याचे कान काय करत होते म्हणता? पहिल्यांदाच सुट्टीवर होते! ती बोलत होती, हो. एकोणतीस वर्षांचं तुंबलेलं पाणी, बोळा निघाला आणि वाहिलं. धाकट्याच्या पोटात गाठ झाली आहे हे सांगितलं. गाठ लिंबाएवढी होती, तो सगळ्यांना कलिंगडाएवढी सांगत सुटला होता. ऑपरेशन गुरुवारी दोन वाजता आहे, त्या औषधाची भीती वाटते, हे सांगितलं. मोठे सर्जन करणार आहेत, ते बोलायच्या आधी नाकातून एक हुंकार काढतात, आणि ऑपरेशन चालू असताना घंटी वाजली तर त्यांचा हात बिथरतो, म्हणून थिएटरमधल्या फोनचा रिसीव्हर काढून सिस्टरच्या टोपीखाली झाकून ठेवतात, हेही सांगितलं. दोघी खूप हसल्या त्या टोपीवर.

शब्द मात्र सांगितला नाही. तेवढी ती पक्की होती. आणि त्या बाईनं विचारलाही नाही. चोरी करायला आलेला माणूस पहिल्या दिवशी तिजोरी नाही बघत. कुत्र्याला काय आवडतं ते बघतो.

गुरुवार उजाडला. दहा वाजता धाकटा तळघरात उतरला. मागून उघडा असतो तो इस्पितळाचा झगा घातलेला, एक हात पाठीशी धरलेला.

"ताई, निघतो."

"निघतो काय? येतो म्हण."

"येतो. डॉक्टरांना सांग, आत एखादं मनगटी घड्याळ सापडलं तर परत द्या. लहानपणी गिळलं होतं मी."

"गिळलं नव्हतंस, हरवलं होतंस. मार चुकवायला गिळलं म्हणालास आणि मी चार दिवस तुला केळी चारत बसले."

"केळी छान होती पण." तो हसला, आणि पाठीशी धरलेला झगा त्यानं आणखी घट्ट आवळला. "ताई, ते औषध..."

"मी बोलते सर्जनसाहेबांशी."

तिनं फोन लावला. "साहेब, माझ्या भावाची फाईल. त्याला एक औषध चालत नाही."

नाकातून हुंकार आला. "बघतो," एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला.

बघतो म्हणजे काय? बघितली, की बघणार आहे, की बघू केव्हातरी? एकोणतीस वर्षं ती माणसांचे श्वास वाचत होती, आणि त्या एका शब्दाचा तिला अर्थ लागेना.

पावणेदोन. दोन. सव्वादोन. बोर्डावर दिवे लागत होते, ती जोडत होती. सात. लॅब. कँटीन. हाताला घाम सुटून बटणं निसरडी झाली होती. सहाव्या मजल्यावर तिचा भाऊ झोपला होता आणि तिच्यात आणि त्याच्यात सहा मजले, दोन लिफ्ट आणि एक बंद दार होतं. बोर्ड सोडून जायला परवानगी नव्हती. एक वाजता साबणवालीचा फोनही आला नव्हता. आज तरी यायला हवा होता तिचा, असं आत्याला वाटत होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी लाल दिवा लागला.

"इस्पितळ, बोला."

नाकातून हुंकार. मग: "आत्या."

सर्जनसाहेब! तोच आवाज, तोच घशातला दगड. मागे यंत्राचं टिक टिक, आणि दोन टिकांमधलं अंतर वाढत चाललेलं.

"मोबाईलवरून बोलतोय. फाईल उघडत नाही. पासवर्ड घेत नाही. नाडी पडतेय. ते औषध कोणतं?"

"लांब होतं, साहेब... नाव लांब होतं... मालगाडी..."

"काय?"

"आठवत नाही. फाईलवर लाल अक्षरात आहे."

"मग शब्द द्या."

मालगाडी डोक्यातून धडधडत गेली, एकेका डब्यावर एकेक अक्षर, आणि एकही वाचता येईना. तिनं डोळे मिटले. आरशातलं वाक्य ओठांवर आलं. "ठेवा. मी उलट..."

"आत्या, वेळ नाही!"

टिक. मग काहीच नाही. मग टिक.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, त्यात निदान पडणारा माणूस आपण स्वतः असतो. इथं आडात भाऊ होता आणि विहिरीत सातशे माणसं. फोन खरा असेल आणि तिनं शब्द दिला नाही, तर थापाड्या आपली शेवटची थाप मारून गेला. फोन खोटा असेल आणि तिनं शब्द दिला, तर अकरा नंबरची शिंपीण, बारा नंबरची, तेरा नंबरची, सगळ्यांची मापं अंधारात. आणि तिच्या कानांनी तिला काय सांगावं? कान सांगत होते, हेच सर्जनसाहेब. कुलूपसाहेब सांगत होते, कान सांगतात म्हणूनच नाही. एकोणतीस वर्षांत ज्या एका गोष्टीवर तिचा भरवसा होता, तीच आज साक्षीला उभी राहायच्या लायकीची नव्हती.

"साहेब, खाली माणूस पाठवा," ती म्हणाली. "मी चिठ्ठी देते. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं? आत्या, मागच्या वेळी दीड मिनिट बंद पडलं होतं ना हृदय?"

तिनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. आईचा शेवटचा शब्द तिला आठवला. तो "बाळाला बघ" असाच होता, सगळ्या आया म्हणतात तोच. बघ. आणि ती इथं बिनखिडकीच्या खोलीत बसली होती, जिथून बघायला काहीच नव्हतं, फक्त ऐकायला होतं. समोर डबा तसाच होता, झाकण दोरीला लोंबत होतं. बोर्डावर हिरवे दिवे भराभर लागत होते, चार, सहा, नऊ, कोणाला सात नंबर हवा होता, कोणाला लॅब, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ती कोणालाच जोडत नव्हती. तिला वाटलं, कोणीतरी दार उघडून आत यावं. कोणीही. लाँड्रीवाला चालेल, झाडूवाला चालेल. त्याला विचारावं, हे खरं आहे का हो? पण तळघरात कोणी येत नाही. तिची जीभ टाळूला चिकटली होती, आणि त्या जिभेखाली तो शब्द, गोळीसारखा, विरघळायची वाट बघत.

टिक.

"आत्या," आवाज म्हणाला, "कृपा करून."

आणि इथं, मंडळी, आत्याचे डोळे उघडले!

कारण सर्जनसाहेबांनी जन्मात कोणाला कृपा करून म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या लग्नात त्यांनी बायकोला "चला" म्हटलं होतं, तेवढंच. यंत्रानं आवाज शिवला, हुंकार शिवला, घशातला दगडही शिवला. पण शिवणाऱ्याला वाटलं जरा काठाला नक्षी काढावी, आणि त्या नक्षीनं घात केला. आत्या ताठ बसली. तिचा आवाज असा निघाला की बोर्डावरचे दिवे क्षणभर विझले.

"ठेवा! मी उलट फोन करते!"

आणि केला. थिएटरला, आतल्या लाईनवरून. दोनदा घंटी वाजली आणि सिस्टरनं उचलला.

"सर्जनसाहेब कुठं आहेत?"

"इथंच. दोन्ही हात तुमच्या भावाच्या पोटात आहेत. का?"

"आत्ता मोबाईलवर बोलत होते ना?"

"मोबाईल काय पायानं धरणार का आत्या? भाऊ मजेत आहे तुमचा. भुलीतसुद्धा कोणालातरी छत्री विकतोय."

आत्यानं लाल दिव्याकडे बघितलं. चोर अजून लाईनवर होता. तिनं अगदी मऊ आवाजात म्हटलं, "थांबा हं, जोडते," आणि त्याला तक्रार विभागाला जोडून दिलं. तुम्ही कधी इस्पितळाच्या तक्रार विभागाला फोन केलाय? आधी एक दाबा, मग दोन दाबा, मग बासरी. तो चोर अजून तिथंच आहे. दाढी गुडघ्यापर्यंत आली आहे म्हणे, आणि बासरी मात्र तोंडपाठ झाली आहे.

सातशे माणसांची सातशे मापं जागच्या जागी राहिली. अकरा नंबरची शिंपीण दहाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेली आणि जाताना तिनं आत्याच्या टेलिफोनला मखमलीचं आवरण शिवून दिलं, खिशासकट. कुलूपसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांचं वजन अर्धा किलो वाढलं. आणि धाकट्याच्या पोटातून काय निघालं? लिंबाएवढी गाठ, आणि गाठीच्या आत मनगटी घड्याळ. चालू! पाच मिनिटं पुढं होतं, एवढंच.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. आत्या उशाशी होती. त्यानं डोळे उघडले, आणि एकोणतीस वर्षांत त्या इस्पितळात कोणी जे विचारलं नव्हतं ते त्यानं पहिल्या शब्दात विचारलं. म्हणाला, "ताई, जेवलीस का?"

"खोटं."

आरामखुर्चीतून आवाज आला तसे सगळे वळले. म्हातारीचे डोळे मिटलेलेच होते.

"अगं ताई, तू झोपली होतीस ना?"

"फोन काढून ठेवला होता, थापाड्या. मघाशी तूच सांगितलंस यांना. सिस्टरच्या टोपीखाली. मग उलट फोन उचलला कोणी?"

पुढं ओढलेल्या खुर्च्यांपैकी एक करकरली.

"कोणीच उचलला नाही. लागतच नव्हता, नुसता टूं टूं आवाज. सहादा लावला मी. सातव्यांदा लावणार तोच पुन्हा लाल दिवा लागला, आणि 'कृपा करून' वगैरे कोणी म्हणालं नाही. पलीकडे नुसती टिक टिक होती, मग तीही थांबली. हातरुमाल. तो शब्द होता, हातरुमाल. दिला मी."

"ताई, पुरे."

"तुझी फाईल कागदावर छापून सकाळपासून डॉक्टरांच्या टेबलवर होती. ते 'बघतो' म्हणाले तेव्हा ती बघतच होते. आणि इस्पितळ एकोणीस दिवस बंद पडलं. शिंपीण नवव्या दिवशी गेली. रोज सकाळी मला वेळ विचारायची, शेवटच्या सकाळीही विचारली." म्हातारीनं डोळे उघडले आणि भावाकडे बघितलं. "आणि शुद्धीवर आल्यावर तू पाणी मागितलंस. दुसरं काही विचारलं नाहीस."